माहितीपत्रकांतील तीन शब्द

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एके संध्याकाळीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. त्यांचा धाकटा मुलगा बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाला होता व त्याला अभियांत्रिकीकडे घालावयाचें ठरलें होतें. गृहस्थांच्या हातांत एका महाविद्यालयाचें गुळगुळीत कागदावर छापलेलें माहितीपत्रक होतें, आणि त्याच्या मुखपृष्ठावर तीन शब्द ठळक अक्षरांनीं झळकत होते: शासनमान्य, विद्यापीठसंलग्न, मानांकित. "सर, ह्यांतला खरा शब्द कोणता?" असें त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "तिन्ही खरे असतील, पण तिन्ही एकाच गोष्टीविषयीं बोलत नाहींत."

त्या संध्याकाळीं आमचें जें बोलणें झालें, तें विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें. लिहिण्यास आणखीहि एक कारण आहे. ह्याच गृहस्थांच्या थोरल्या मुलाच्या वेळीं मीं दिलेला सल्ला चुकीचा होता.

पूर्वींच्या काळीं निवडीचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. रुरकीचें महाविद्यालय १८४७ त निघालें, पुण्याची अभियांत्रिकी शाळा १८५४ त, व मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था, जिला आज वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे, ती १८८७ त. आपल्या प्रांतांतील मुलापुढें दारें मोजकीं होतीं. आंत जावयास मिळालें म्हणजे गंगेंत घोडें न्हालें! सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या त्या संस्थेंतूनच शिकून बाहेर पडले. पुढें १९८३ पासून महाराष्ट्र सरकारनें खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांस परवानगी दिली, आणि थोड्याच वर्षांत गांवोगांव अभियांत्रिकीच्या इमारती उभ्या राहिल्या. दारें पुष्कळ झालीं. तेव्हां दाराआड काय आहे, हें पाहण्याची पाळी पालकांवर आली.

आतां ते तीन शब्द पाहूं. 'शासनमान्य' ह्याचा अर्थ असा कीं, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें महाविद्यालय चालविण्यास अनुमति दिलेली आहे. ही परिषद १९४५ सालीं सल्लागार मंडळ म्हणून स्थापन झाली व १९८७ च्या कायद्यानें तिला अधिकार मिळाले. जागा, इमारत, ग्रंथालय, यंत्रसामग्री, वीस विद्यार्थ्यांमागें एक अध्यापक, असे तिचे नियम आहेत. कोणत्या शाखेंत किती विद्यार्थी घ्यावयाचे, तेंहि तीच ठरवून देते. ही अनुमति नसलेल्या महाविद्यालयाकडे फिरकूंहि नये. पण खाणावळीस परवाना आहे एवढ्यावरून तेथील भाकरी चांगली भाजलेली असते, असें कोणी म्हणत नाहीं. 'विद्यापीठसंलग्न' हा शब्द पदवी कोण देणार तें सांगतो. अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाच्या. महाविद्यालय स्वायत्त असेल तर त्या त्याच्या स्वतःच्या, पदवी मात्र विद्यापीठाचीच.

खरी गुंतागुंत आहे ती 'मानांकित' ह्या तिसऱ्या शब्दांत. अभियांत्रिकीचें मानांकन करणारें मंडळ, ज्यास एन्.बी.ए. म्हणतात, तें १९९४ सालीं स्थापन झालें. ह्या मंडळाची एक गोष्ट शंभरांतील नव्वद पालकांच्या ध्यानांत येत नाहीं, आणि माझ्याहि आली नव्हती. तें महाविद्यालयाचें मानांकन करीतच नाहीं. करतें तें एकेका शाखेचें. एकाच आवारांत यंत्र अभियांत्रिकी मानांकित असेल व तिच्या शेजारची संगणक शाखा नसेल. तेंहि कायमचें नव्हे. सहा वर्षांचें किंवा तीन वर्षांचें. मुदत संपली कीं पुन्हा तपासणी. नव्या शाखेच्या निदान दोन तुकड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्याखेरीज तिचा विचारच होत नाहीं. तपासणीच्या वेळीं महाविद्यालय आधीं स्वतःविषयीं सविस्तर अहवाल लिहितें. मग बाहेरचे जाणते लोक येऊन प्रयोगशाळा पाहतात, विद्यार्थ्यांस व अध्यापकांस प्रश्न विचारतात, उत्तरपत्रिका चाळतात.

ह्याखेरीज 'नॅक' ची श्रेणीहि पुष्कळ प्रवेशद्वारांवर रंगविलेली दिसते. ती समग्र महाविद्यालयाची असते. तिजवरून अमुक शाखेंत विजेचीं यंत्रें चालू आहेत कीं बंद, तें कळावयाचें नाहीं.

आतां माझ्या चुकीविषयीं. २०१५ सालीं थोरल्या मुलाच्या प्रवेशाच्या वेळीं हेच गृहस्थ असेंच एक माहितीपत्रक घेऊन आले होते. महाविद्यालय दुसरें होतें. त्याचें नांव येथें नको. 'मानांकित' हा शब्द मीं वाचला आणि अधिक चौकशी न करतां "खुशाल घाला" असें सांगून मोकळा झालों. वडिलांनीं भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढली. मानांकन होतें तें यंत्र व स्थापत्य ह्या शाखांस. मुलानें घेतली इलेक्ट्रॉनिक्सची शाखा, आणि तिची मुदत त्यापूर्वींच संपलेली होती. ती पुन्हा कां मिळविली नाहीं, तें मुलास दुसऱ्या वर्षीं उमगलें. अनुभवी अध्यापक एकामागून एक सोडून गेले होते, आणि प्रयोगवहींतील आंकडे मागील वर्षाच्या वहीवरून उतरून घ्यावयाचे, अशी तेथें रीतच पडली होती. हें त्यानें मला पदवी मिळाल्यावर सांगितलें. आधीं सांगण्याचा त्याला संकोच वाटला असावा.

मुलगा हुशार. पुण्यास त्याला नोकरी मिळाली व राहिलेलें शिक्षण त्यानें कामावर भरून काढलें. पुढें ऑस्ट्रेलियांत जाण्याचें त्याच्या मनांत आलें, तेव्हां तो शब्द पुन्हा आडवा आला. १९८९ सालीं अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्या देशांतील अभियंत्यांच्या संस्थांनीं वॉशिंग्टन करार केला, व परस्परांनीं मानांकित केलेले अभ्यासक्रम तुल्य मानण्याचें ठरविलें. आपलें मंडळ १३ जून २०१४ रोजीं त्या कराराचें पूर्ण सभासद झालें. परंतु मंडळाचे दोन वर्ग आहेत: विद्यापीठें व स्वायत्त महाविद्यालयें पहिल्यांत, इतर संलग्न महाविद्यालयें दुसऱ्यांत. कराराचा लाभ पहिल्या वर्गांतील मानांकित शाखांसच मिळतो. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याची शाखा मानांकित असती, तरी एवढ्यापुरता तिचा उपयोग झाला नसता! ज्याची पदवी करारांत बसत नाहीं, त्याला तेथील अभियंत्यांच्या संस्थेपुढें आपण केलेल्या कामांचे तीन सविस्तर वृत्तांत लिहून पात्रता सिद्ध करावी लागते. त्यानें ते रात्री जागून लिहिले. मार्ग बंद झाला नाहीं, लांबला.

हें ऐकून धाकट्याचे वडील म्हणाले, "मग शिक्का नसेल तेथें घालूंच नये?" तसेंहि मला वाटत नाहीं. आय.आय.टी. संस्था १९६१ च्या कायद्यान्वयें चालतात. त्यांना परिषदेची अनुमति लागत नाहीं, व त्यांची योग्यता कोणी ह्या शिक्क्यावरून जोखीत नाहीं. एखादी नवी शाखा चांगल्या अध्यापकांच्या हातीं असूं शकते. केवळ दोन तुकड्या बाहेर पडल्या नाहींत एवढाच तिचा दोष. उलट, शिक्का असूनहि शिकवणें सुमार, असेंहि घडतें. फी व घरापासूनचें अंतर ह्यांचाहि विचार करावाच लागतो. मात्र वसतिगृहाच्या चित्रांवर भुलूं नये. मला विचाराल तर जेथें शाखेची मुदत संपली आहे व पुन्हा अर्जहि केलेला नाहीं, तेथें कारण विचारल्यावांचून पैसे भरूं नयेत. ह्याचें उत्तर देतांना जो कार्यालयीन गृहस्थ चिडतो, त्याच्या चिडण्यानेंहि पुष्कळ कळतें.

आपल्या राज्याच्या केंद्रीय प्रवेशाच्या अर्जांत जो पसंतीक्रम भरावयाचा असतो, त्यांतला प्रत्येक अंक एका महाविद्यालयांतील एका शाखेचा असतो. आम्हीं त्या रात्रीं कागदावर बारा अंक मांडले, आणि प्रत्येकासमोर मंडळाच्या संकेतस्थळावरून त्या शाखेचें मानांकन कोणत्या वर्षापर्यंत आहे तें लिहिलें. बारांपैकीं पांच ठिकाणीं जागा कोरी राहिली. त्या गुळगुळीत माहितीपत्रकांतील महाविद्यालयाचें यंत्र-मानांकन चालू होतें. मुलास हवी होती ती विद्युत् शाखा त्या कोऱ्या पांचांत होती.

दुसऱ्या आठवड्यांत बापलेक दोन महाविद्यालयें पाहून आले. रविवारीं नव्हे, बुधवारीं, प्रयोगशाळा भरलेल्या असतां. एके ठिकाणीं यंत्रांवर घड्या न मोडलेलीं कापडें होतीं. दुसरीकडे तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानें धाकट्यास आपली प्रयोगवही दाखविली. तींत दोन आंकडे खोडून पुन्हा लिहिलेले होते, शेजारीं अध्यापकानें तांबड्या शाईनें "पुन्हा मोजा" असें लिहिलें होतें, व पानावर तेलकट बोटांचे डाग होते. अर्जांत पहिला अंक त्याच महाविद्यालयाचा पडला.