दहावीनंतरची वाट : जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागला की जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा गावांतून घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? प्रश्न विद्यार्थ्याचा असतो, परंतु त्याचे उत्तर बहुधा गुणपत्रिकाच देऊन टाकते. गुण पुष्कळ असतील तर विज्ञान, बरे असतील तर वाणिज्य आणि उरलेल्यांसाठी कला, अशी एक उतरंड आपण मनाशी रचून ठेवली आहे. या उतरंडीत मुलाचा कल, घरची ऐपत, महाविद्यालयाचे अंतर आणि बारावीनंतरच्या वाटा यांचा विचार क्वचितच होतो. दोन वर्षांनी जेव्हा तो विचार करण्याची वेळ येते, तेव्हा काही दारे मिटलेली असतात. ती मिटण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी काय पाहावे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

हा विचार नवा नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचेच एक अंग मानले होते आणि त्याचा आरंभ प्राथमिक शाळेपासून व्हावा, असे सुचविले होते. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणीही घेण्यात आली. अशा चाचणीने मुलाची आवड कोणत्या दिशेची आहे, हे कळण्यास मदत होते. मात्र त्या दिशेला कोणती वाट जाते, तिच्यासाठी कोणते विषय लागतात आणि खर्च किती येतो, हे पाहण्याचे काम घराला आणि शाळेला करावेच लागते.

कोणते दार उघडे, कोणते बंद?

अकरावीचे विषय निवडणे म्हणजे पुढील शिक्षणाची दारे निवडणे होय. अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हा गट लागतो. वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि आयुर्वेद पदवीसाठी 'नीट' परीक्षा द्यावी लागते व तिच्यात गणिताऐवजी जीवशास्त्र असते. कृषी पदवीचा मार्ग या दोन्ही गटांच्या विद्यार्थ्यांना खुला असतो. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या भूदल शाखेसाठी बारावीची कोणतीही विद्याशाखा चालते, परंतु नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित आवश्यक आहे. २०२१ पासून या प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा मुलींनाही देता येते.

यावरून एक साधा नियम निघतो. विज्ञान शाखेत जाणाऱ्या ज्या विद्यार्थ्याचा निर्णय अद्याप पक्का झालेला नाही, त्याने केवळ भीतीपोटी गणित सोडू नये. अभ्यासाचा भार पेलत असेल तर गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवावेत. विज्ञान शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पुढे कला, वाणिज्य किंवा विधी या शाखांकडे वळू शकतो. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झाल्यावर अभियांत्रिकी वा वैद्यकीय शिक्षणाकडे जाणे मात्र जवळजवळ अशक्य होते.

परंतु वाट रुंद आहे एवढ्याच कारणाने ज्याला प्रयोगशाळेची गोडी नाही त्याने विज्ञान घेणेही योग्य नव्हे. नाइलाजाने घेतलेल्या विज्ञानात बारावीला अडखळण्यापेक्षा इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र मन लावून शिकणे अधिक हिताचे असते. लोकसेवा आयोगांच्या प्रशासकीय सेवांच्या परीक्षांना बहुतेक पदांसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना प्रवेश परीक्षेद्वारे खुला आहे. वाणिज्य शाखेतून बारावीनंतर सनदी लेखापालाच्या पहिल्या परीक्षेकडे जाता येते. कला शाखा ही गुण कमी पडलेल्यांची जागा होय, हा समज आता सोडून द्यावयास हवा.

आपल्याच तालुक्याकडे पाहावे

व्यवसाय म्हटला की डॉक्टर, इंजिनिअर आणि शिक्षक यांपलीकडे नावे सुचत नाहीत, अशी तक्रार शिक्षक करतात. ती नावे शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीवर काम करण्यासाठी जगभरातून संशोधक येतात. त्या तबकड्या अचूक फिरत्या ठेवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञाइतकेच यंत्र, वीज, इलेक्ट्रॉनिकी आणि संगणक जाणणारे हातही लागतात. एकाच आवारात संशोधनाची दीर्घ वाट आणि तंत्रज्ञाची जवळची वाट, अशा दोन्ही वाटा येऊन मिळतात.

याच जुन्नर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला नाणेघाट आहे. तेथील सातवाहनकालीन शिलालेखात भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांपैकी काही कोरलेली आहेत. ज्या तालुक्यात अंक इतक्या पूर्वी दगडावर उमटले, तेथील मुलामुलींनी गणिताला भिऊन वाट बदलावी, हे पटणारे नाही. पुरातत्त्व, इतिहास व लिपिशास्त्र हेही अभ्यासाचे विषय आहेत, याची आठवण तो घाट करून देतो.

कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांमागे स्थापत्य अभियांत्रिकी व जलव्यवस्थापन आहे. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे काम पशुवैद्यक आणि वन्यजीव अभ्यासक यांच्यावाचून चालत नाही. नारायणगावचा टोमॅटो बाजार, जुन्नरची द्राक्षे, सातगाव पठारावरील बटाटा यांच्यामागे कृषिशास्त्र, अन्नप्रक्रिया, शीतगृहे आणि विपणन उभे आहे. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात हे ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसे पोचते, ते पाहता येते. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात गोळा होणारा हिरडा आयुर्वेद आणि औषधनिर्माणशास्त्राशी नाते सांगतो. शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर येथे येणाऱ्या प्रवाशांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवस्थापन यांना वाव आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांची वर्षातून एक सहल अशा ठिकाणी न्यावी आणि तेथे काम करणाऱ्यांना "आपण हे कोठे शिकलात?" असे मुलांनीच विचारावे. त्या एका प्रश्नाने पुष्कळ माहिती मिळते.

अकरावीवाचूनही वाट आहे

दहावीनंतर अकरावीच घेतली पाहिजे, असे नाही. तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम दहावीनंतर लगेच सुरू होतो. पदविका पूर्ण झाल्यावर नोकरी करता येते किंवा अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळविता येतो. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि तेथेच २००९ मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. म्हणजे या दोन तालुक्यांतील मुलाला पदविका आणि पदवी हे दोन्ही टप्पे जिल्ह्याचे शहर न गाठता पूर्ण करणे शक्य आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ज्याला हाताने काम करण्याची आवड आहे त्याच्यासाठी आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली कारखान्यात विद्यावेतनासह प्रशिक्षण घेता येते. हा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षातही प्रवेशाची संधी असते. तारतंत्री किंवा जोडारी शिकलेला मुलगा पुढे अभियंता होऊ शकतो, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी.

दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तरी सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत सोडविता येतात. केवळ एका विषयासाठी मुलीची शाळा कायमची सुटू देणे, यासारखे नुकसान नाही. ज्यांना कामधंदा करीतच शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे.

अंतर, खर्च आणि मुलींचे शिक्षण

आहुपे किंवा घाटघर परिसरातील मुलीच्या बाबतीत शाखेइतकाच महत्त्वाचा प्रश्न ती रोज महाविद्यालयात पोचणार कशी, हा असतो. सकाळची एसटी तासाला पोचत नसेल आणि सायंकाळची गाडी अंधार पडल्यावर गावात येत असेल, तर उत्तम महाविद्यालयही तिच्या उपयोगाचे नाही. म्हणून पसंतीक्रम ठरविण्यापूर्वी गाडीचे वेळापत्रक आणि वसतिगृहाची उपलब्धता पाहावी. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात शासकीय वसतिगृहाची चौकशी निकालापूर्वीच करावी. बारावीनंतर ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही अशा आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेखाली भोजन, निवास व शैक्षणिक साहित्यासाठी रक्कम थेट बँक खात्यात मिळते.

शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात येत आहे. केंद्रीभूत प्रक्रियेबाहेर, संस्थेच्या व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास हा लाभ नाही. घाईने व्यवस्थापनाची जागा घेणाऱ्या पालकांनी हा फरक आधी समजून घ्यावा. धाकट्या भावंडांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. त्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे.

दाखल्यांची तयारी आधी

पुष्कळदा गुण असूनही दाखल्यावाचून जागा हातची जाते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र आणि इतर मागास वर्गासाठी उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र यांची जुळवाजुळव दहावीच्या वर्षातच करावी. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घेण्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करणे श्रेयस्कर. अनुसूचित जमातीच्या कुटुंबांनी आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले व महसुली नोंदी, विशेषतः १९५० पूर्वीच्या, शोधून ठेवाव्यात. अशा नोंदी मिळविण्यास महिने लागतात, तर प्रवेशाची मुदत काही दिवसांचीच असते.

पसंतीक्रम जपून भरावा

अकरावीचा केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश पूर्वी काही महानगरांपुरता होता. २०२५-२६ पासून तो संपूर्ण राज्यास लागू झाला आणि जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्यांनाही तोच मार्ग आला. त्या वर्षी दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देण्याची मुभा होती आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. म्हणून पहिला क्रमांक हौसेने किंवा मित्राच्या सांगण्यावरून भरू नये. जेथे जाण्याची खरोखर तयारी आहे, तेच नाव पहिले असावे. प्रत्येक वर्षाचे नियम त्या वर्षीच्या सूचनांमध्ये वाचून घ्यावेत. अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी प्रवेशाचा संकेतशब्द आणि अर्जाची प्रत विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवावी.

घरी बसून करावयाचा एक अभ्यास

निर्णयापूर्वी विद्यार्थ्याने व पालकांनी एका कागदावर तीन वाटा लिहाव्यात आणि प्रत्येक वाटेपुढे चार प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत. कोणी न सांगता मी जो विषय वाचतो, तो या वाटेवर आहे काय? ही वाट घेतल्यास कोणती दारे मिटतील? जाण्या-येण्यासह वर्षाचा एकूण खर्च किती आणि त्यातील किती शिष्यवृत्तीतून भागेल? मध्येच थांबावे लागले तर हाती काय राहील? शेवटच्या प्रश्नाला आता अधिक महत्त्व आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी शिक्षणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी रचना स्वीकारण्यात आली असून थांबून पुन्हा शिक्षणाकडे वळण्याची सोय तीत आहे.

हा कागद वर्गशिक्षकांना दाखवावा. प्रत्येक माध्यमिक शाळेने एका शिक्षकाकडे ही जबाबदारी सोपवून निकालापूर्वी पालकांची एक बैठक घेतली, तर तिचा लाभ मोठा होईल. त्या बैठकीस आई आणि वडील दोघांनाही बोलवावे, कारण मुलीच्या शिक्षणाचा निर्णय अनेक घरांत आईच्या एका शब्दावर ठरतो. गावातून शिकून पुढे गेलेली एखादी परिचारिका, तंत्रज्ञ किंवा कृषी पदवीधर अशा बैठकीत दहा मिनिटे बोलली, तरी मुलांना आपल्यासारख्यांची वाट दिसते.

गुणपत्रिका विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या अभ्यासाचा हिशेब सांगते. पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाची निवड तिच्यावर सोपवू नये. निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर त्याच संध्याकाळी तो कागद काढावा आणि घरातील सर्वांनी मिळून वाचावा.