सोपं पुस्तक घे, पोरी

पोरी, इंग्रजी सुधारायचं तर रोज इंग्रजी पेपर वाच, असं तुला घरातला जो तो सांगेल. ऐकू नकोस. पेपराचे मथळे म्हणजे तोडकी भाषा, क्रियापदं गाळलेली. ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी ते लिहिलेलं असतं. तुला हवीत चढत्या पायऱ्यांची पुस्तकं. दुकानात 'ग्रेडेड रीडर' म्हणून माग.

ही काही नवी टूम नाही. 1920 च्या दशकात ढाक्याला शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचा साहेब होता. बंगाली मुलांच्या हाती पडणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत जुनाट, क्वचित लागणारे शब्द नको तितके. त्याने ते काढून नेहमीचे शब्द घातले आणि नवे शब्द थोडे थोडेच येतील, आलेले पुन्हा पुन्हा भेटतील, अशी बेतशीर मांडणी केली. आजच्या 'ऑक्सफर्ड बुकवर्म्स' मालेतही तोच हिशोब आहे. अगदी सुरुवातीचं पुस्तक 250 मूळ शब्दांत, मग 400, 700, 1000, असं चढत सहावी पायरी 2500 वर.

निवडताना पुस्तकाचं मधलं पान उघड आणि शंभरेक शब्द वाच. दोन-तीनपेक्षा जास्त अडले तर खालची पायरी घे. बारावी झाली म्हणून वरची उचलायची नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, 2000 सालापासून मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं. पण गाईडातली उत्तरं पाठ करण्यात वर्षं गेली, तर वाचन झालंच कुठे? लेडीज डब्यात चित्रांचं पुस्तक उघडायची लाज वाटते ना? मग त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घाल, पण पुस्तक बदलू नकोस. एकाच पायरीवरची पाच-सहा पुस्तकं संपल्याशिवाय वर जायचं नाही.

पैशाची अडचण असेल तर 'स्टोरीवीव्हर' आहे. 'प्रथम बुक्स'ने 2015 साली सुरू केलेलं, फुकट, चार पातळ्यांत लावलेलं, आणि कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत. सुरुवातीला गोष्ट आधी मराठीत वाच, मग इंग्रजीत. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, तेव्हा ती 37 ला 1 असा घाट चढते, आणि इगतपुरीला ती सुटतात. मराठी गोष्टीचाही तेवढाच आधार घे, तिसऱ्या पातळीला सोड. गोष्टी कल्याणलाच डाउनलोड करून ठेव. खर्डी सोडली की रेंजचा भरवसा नाही.

कसाऱ्याला लोकल सुटते तिथेच बसतेस, सकाळी जागा मिळते, तेव्हा वाच. परतीला वासिंदपर्यंत उभंच राहावं लागतं. तेव्हा वाचलेलीच गोष्ट कानात घालून ऐक. इंग्रजीचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा एकमेकांवर विश्वास नाही, त्यामुळे डोळ्यांनी ओळखलेला शब्द कानाला परका राहतो.

गाडीत शब्दकोश उघडू नकोस. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका दे आणि पुढे चल. तोच शब्द तिसऱ्यांदा अडला तरच घरी बघायचा. बहुतेकांचा अर्थ तोवर आपोआप लागलेला असतो.

डिकन्सच्या कादंबऱ्यांच्या बारीक केलेल्या आवृत्त्या कुणी भेट दिल्या तर कपाटात ठेव. धुकं आणि घोडागाड्या समजून घेण्यात निम्मा जीव जातो. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी घे. शेवट कळल्याशिवाय राहवत नाही म्हणून पानं उलटतात. शेवटी दिलेले प्रश्न सोडवले नाहीस तरी चालेल, मी काही वही तपासायला येत नाही.

याने मुलाखतीत बोलता येईल असं समजू नकोस. बोलायला समोर माणूस लागतं. तू धाकट्या भावापासून सुरू कर. रोज रात्री त्याला पातळी एकची एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखव, आणि मग चित्र झाकून त्याला इंग्रजीतच सांग काय झालं ते. तो मध्येच 'म्हणजे काय?' विचारेल. जिथे अडखळशील ते पान दुसऱ्या दिवशी पुन्हा घे.