सोलापूरच्या पावसात सायकलस्वाराचा रेनकोट

सायकलवर वापरायच्या रेनकोटाला बाहेरचा पाऊस अडवायचा असतो आणि आतला घामही बाहेर सोडायचा असतो. दुकानात उभे राहून कोट निवडताना पहिले काम डोळ्यांसमोर असते, दुसरे जाणवते ते चार-पाच किलोमीटर पायडल मारल्यावर. सोलापुरात बहुतेक चुकीची खरेदी या दुसऱ्या कामाकडे दुर्लक्ष झाल्याने होते.

सोलापूर हा अवर्षणप्रवण पट्टा. शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरात ५,००० मिलिमीटरहून जास्त. कोकणासारखी दिवसच्या दिवस झड येथे क्वचितच लागते. मृगाआधी वळीव येतो, जुलैत वारे आणि भुरभुर असते आणि खरा जोर सप्टेंबरमध्ये, परतीच्या पावसात. जिल्हा रब्बी ज्वारीचा झाला तो याच उशिराच्या पावसामुळे. सायकलस्वारासाठी याचा अर्थ असा, की पाऊस बहुधा तासा-अर्ध्या तासाच्या सरींचा असतो, हवा उबदार असते आणि कोट अंगावर कमी, पिशवीत जास्त वेळ राहतो. म्हणून घडी लहान होणारा, हलका आणि हवा खेळती ठेवणारा कोट येथे जाड, पूर्ण बंद कोटापेक्षा उपयोगी ठरतो.

घामाचे गणित साधे आहे. पायडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील जेमतेम चौथा हिस्सा सायकल पुढे नेतो, उरलेल्याची उष्णता होते. बंद कोटात ती कोंडते, घाम वाळत नाही आणि पावसाचा थेंबही आत न शिरता बनियन पिळण्याइतके ओले होते. मग कोट गळतो अशी समजूत होऊन आणखी जाड कोट घेतला जातो आणि त्रास वाढतो. कोट गळतो की घाम साचतो, हे ओल कुठे आहे त्यावरून ओळखता येते. शिलाई, झिप आणि गळ्याजवळची ओल पावसाची असते. पाठ, काख आणि कोपराच्या आतल्या बाजूची ओल घामाची.

बाजारातील कापडाचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला पीव्हीसीचा. तो स्वस्त असतो आणि पाणी पक्के अडवतो, पण वाफही तितकीच पक्की अडवतो. दुसरा पॉलिस्टर किंवा नायलॉनवर पॉलियुरेथेनचा थर दिलेला. तो हलका असतो, घडी लहान होते आणि किंमतही आवाक्यात राहते. तिसरा सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याचा. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई हे प्लास्टिक झटक्याने ताणून असा पडदा तयार केला आणि त्यातून गोअर-टेक्स आले. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाहून फार लहान, पण वाफेच्या रेणूहून मोठी असतात. मात्र वाफ बाहेर जाण्यासाठी कोटाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा पुरेशी उष्ण आणि दमट असावी लागते. थंड प्रदेशात हा फरक मोठा असतो. सोलापुरात पावसाळी हवाच उबदार आणि दमट असल्याने तो कमी पडतो आणि महागड्या पडद्याचा फायदाही घटतो. येथे काखेतल्या झिपा, पाठीवरच्या झडपेखालची जाळी आणि पुढून वर-खाली दोन्हीकडून उघडणारी झिप यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

कापडाच्या लेबलवर ‘५,००० मिमी’सारखा आकडा असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर ते झिरपू लागते, हे तो सांगतो. पण आकडा कापडाचा असतो, शिलाईचा नाही. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरू शकते, म्हणून कोट उलटा करून शिलाईवर आतून टेप आहे का, ती खांद्यावर आणि हूडच्या जोडावरही आहे का, हे पाहावे.

कोटाचे माप सायकलवर बसल्याच्या स्थितीत घ्यावे. दुचाकीसाठी शिवलेला रेनसूट ताठ बसणाऱ्याच्या मापाचा असतो. गिअरच्या सायकलवर पुढे वाकले की त्याची पाठ वर सरकते, बाह्या मनगट सोडतात आणि पोटाशी पाण्याचे तळे साचते. दुकानात दोन्ही हात पुढे करून कमरेत वाकावे. तरीही पाठ झाकली गेली आणि मनगट उघडे पडले नाही, तर कोट योग्य. साध्या, ताठ बसायच्या सायकलीवर कामाला जाणाऱ्याला मात्र दुचाकीचा कोट चालतो, फक्त तो गुडघ्यात अडकू नये.

पोंचोला खालून हवा मिळते, म्हणून घामाच्या दृष्टीने तो उत्तम. मेंढपाळ डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतात, तिचाच हा हलका अवतार. पण सोलापूरभोवतीचा माळ उघडा आहे आणि जून-जुलैत वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. अशा वाऱ्यात पोंचो शिडासारखा फुगतो आणि आडव्या झोतात तोल घालवतो. त्याचे टोक चाकाच्या तारांत गेले तर सायकलस्वार आदळतो. गल्लीबोळांतून सावकाश जाण्यापुरता तो ठीक, महामार्गावर नको. वाऱ्याची दिशा कोटाच्या वापरातही महत्त्वाची आहे. पश्चिमेला मोहोळकडे जाताना पाऊस छातीवर येतो आणि झिप वरपर्यंत बंद ठेवावी लागते. पूर्वेला बोरामणी, नळदुर्गकडे जाताना वारा पाठीशी राहतो, अंगाला हवा लागत नाही आणि तोच कोट तापतो. तेव्हा झिप उघडून पाठ तेवढी झाकलेली ठेवावी.

पायांसाठी लहान अंतरात पावसाळी पँट टाळता येते. अर्धी पँट किंवा लवकर वाळणारी पॉलिस्टरची पँट भिजू द्यावी आणि पोहोचल्यावर कोरडे कपडे घालावेत. जाड सुती पँट पाणी धरून जड होते आणि मांड्या घासते. पावसाळी पँट घ्यायचीच तर घोट्याशी वेल्क्रो हवे, नाहीतर उजवा पाय चेनमध्ये अडकतो. गमबुटात वरून शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, त्यापेक्षा मागे पट्टा असलेल्या सँडल बऱ्या.

हूड हेल्मेटखाली घातले की मान वळवताना ते सोबत वळत नाही आणि मागून येणारे वाहन दिसत नाही. त्याऐवजी पुढे चोच असलेली पातळ टोपी हेल्मेटखाली घालावी. चष्म्यावरचे थेंबही तिने कमी होतात.

बरेच पाणी खालून येते, हे विसरू नये. मडगार्ड नसलेल्या सायकलीचे मागचे चाक रस्त्यावरचा चिखल थेट पाठीवर उडवते. तेथे कोणताही कोट अपुरा पडतो, पूर्ण लांबीचे मडगार्ड तो प्रश्न सोडवते. मात्र शेतरस्त्यावर काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसून चाक अडवते, म्हणून मधली जागा मोकळी हवी आणि माती काढायला काडी सोबत असावी. रिमवरचे ब्रेक ओले असताना उशिरा लागतात, त्यामुळे उतारावर ते आधीच हलके दाबून रिम पुसून घ्यावी.

कोटाचा रंग पिवळा किंवा भडक नारिंगी असावा. काळा आणि करडा कोट पावसाळी संध्याकाळी ट्रकचालकाला दिसत नाही. परावर्तक पट्टी दिव्याच्या उजेडातच चमकते, म्हणून मागचा लाल दिवा वेगळा हवा आणि तो कोटाने झाकला जाऊ नये.

काही पावसांना कोट हे उत्तर नसतेच. वळवात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा कडाडतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. झाड हा आसरा नव्हे आणि रबरी टायर विजेपासून वाचवत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने जिल्ह्यात पूर आणला. तशा दिवशी पाण्याखाली गेलेल्या पुलावर सायकल घालू नये.

घरी आल्यावर ओला कोट घडी करून ठेवल्यास त्याला बुरशी लागते आणि थर सुटू लागतो. तो सौम्य साबणाने धुवून सावलीत टांगावा, इस्त्री आणि कपडे मऊ करणारे द्रव टाळावेत. उन्हाळ्यात तो पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नये. चाळिशीपार तापमानात आतला थर चिकट होऊन पापुद्रे निघतात. मृग लागण्यापूर्वी कोट उघडून बादलीभर पाणी ओतून पाहावे. शिलाईची टेप सुटली असेल तर ती पुन्हा चिकटवता येते, आतला थर सुटला असेल तर नवा कोट घ्यावा.