कुलूप तुझं, किल्ली दुसऱ्याकडे

सांगली, रविवार

चि. निखिल,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज मी तीनदा वाचला. ‘मला कॅसिनोत सोडू नका’ असा अर्ज तिथं सिंगापुरात आपला आपल्यालाच करता येतो, पण त्याचा खरंच उपयोग होतो का, असं तू विचारलंयस. होतो. मात्र तो कशामुळं होतो, ते नीट समजून घे.

आधी माझं ऐक. तुझ्या जन्माआधी मी एका क्लबात रमीला बसायचो. एका बैठकीत महिन्याचा पगार गेला, तेव्हा दारावरच्या माणसाला हात जोडून म्हणालो, ‘उद्यापासून मला आत घेऊ नका.’ आठ दिवसांनी पुन्हा गेलो. त्यानं सलाम केला आणि दार उघडलं. कित्येक वर्षं मी त्याच्यावर राग धरून होतो. मी सांगितलं होतं ते फक्त त्याला. तुझ्या आजीला नव्हतं सांगितलं, हे फार उशिरा उमगलं.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात १९९६ पासून असा अर्ज करणाऱ्यांची यादी आहे. सुरुवातीला तिथं नाव घातलं की बंदी जन्माची असे. नाव घातलेल्यांना चार ते दहा वर्षांनी गाठून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचा जुगार कमी झाला होता. पण बंदी मोडून आत शिरायला जे गेले, त्यांतल्या निम्म्यांना शिरताही आलं होतं! पहारा इतका ढिला असूनही माणसं सावरली. संशोधकांनी त्याचं श्रेय पहाऱ्यापेक्षा नाव नोंदवण्यालाच जास्त दिलं. शिवाय ज्यांनी उपचार घेतले किंवा मदतगटात जाऊन बसले, ते इतरांपेक्षा अधिक सावरले.

सिंगापूरचा पहारा पुष्कळ कडक आहे. मरीना बे सँड्स असो की सेंटोसा, ओळखपत्र पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत. तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना चोवीस तासांच्या प्रवेशाला १५० सिंगापुरी डॉलर मोजावे लागतात. तू वर्क पासवर, तुला ते लागत नाहीत. त्यांच्या वाटेत सरकारनं घातलेला तो अडसर तुझ्या वाटेत नाही. तो तुझा तुलाच घालायचा आहे.

आणि यादीची हद्द ओळखून राहा. सीमेपलीकडं मलेशियात गेंटिंगला ती चालत नाही. दिवाळीला आलास की गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर तुला कुणी विचारणार नाही. फोनवरच्या चोरट्या साइटींना तर दारच नाही.

म्हणून सांगतो ते क्रमानं कर. अर्ज भरण्याआधी बायकोला, स्नेहाला, सगळं सांग, कर्जाच्या खऱ्या आकड्यासकट. अर्धा आकडा सांगशील तर उरलेला अर्धा फेडायला पुन्हा टेबलाकडंच जाशील. मी गेलो होतो. मग तिच्या शेजारी बसून अर्ज भर. पगाराचं खातं काही महिने तिच्या हाती दे, कार्डंही दे. इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये व्यसनांवर उपचार करणारा विभाग आहे, तिथली वेळ घे. हा आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो. यात लाज कसली?

आणि कधी पाय घसरलाच, तर ‘यादी फुकट गेली’ म्हणून सगळं सोडून देऊ नकोस. त्याच रात्री स्नेहाला सांग. लपवलेली एक रात्र पुढच्या दहा रात्री ओढून आणते.

माझं कसं सुटलं, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. एका एक तारखेला पगाराचं पाकीट न फोडता तुझ्या आजीच्या हातात ठेवलं आणि म्हणालो, ‘आई, मी मागितले तरी देऊ नकोस.’ त्या महिन्यात मी दोनदा मागितले. दोन्ही वेळा ती काही न बोलता जेवायला वाढत राहिली.

अर्ज भरून झाला की कळव. किती वाजलेत ते बघू नकोस, फोन कर. मी उचलीन.

तुझा,
मामा