पद्मिनीत गाणं बसवताना

मनू, रंगकाम उरकून गाडी दारात आली हे ऐकून खूप बरं वाटलं. पण त्याच फोनमध्ये तू घाईघाईने सांगून टाकलंस की दुकानदाराने दोन दिवसांत काम करून देतो म्हटलंय: चारही दारांत स्पीकर, डिकीत सबवूफर आणि हजार वॅटचा ॲम्प्लिफायर. त्याला आगाऊ पैसे देऊ नकोस अजून. आधी ताईचं नीट ऐकून घे, मग तुला योग्य वाटेल ते कर.

ही गाडी आहे १९७५ची. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात हीच गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनत होती, पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. रस्त्यावर इतक्या दिसायच्या की ही जपायची वस्तू आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. लोकांनी बिनदिक्कत डॅशबोर्ड कापले, दारांना भोकं पाडली, मूळ सीट भंगारात दिल्या. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीच्या सेवेतून गेली. आज मूळ डोअर पॅड असलेली गाडी शोधायला निघालीस तर पायपीट होईल, आणि तुझ्याकडे ती आयती उभी आहे. म्हणून एकच गोष्ट मी हट्टाने सांगणार: जे काढलं तर खूण उरणार नाही, तेवढंच बसव. दार कापायचं नाही, डॅशबोर्डला करवत लावायची नाही, मागच्या पत्र्याला हात लावायचा नाही.

गाडीची आता पन्नाशी उलटली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करता येते. त्यासाठी चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. ती नोंदणी घेतलीस तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, त्यामुळे घाईने ठरवू नकोस. पण दार तरी उघडं राहू दे त्या वाटेचं.

आता हजार वॅटचं बघू. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. हजार भागिले बारा केलं की ८३ अँपिअर होतात, आणि ॲम्प्लिफायर स्वतः गरम होऊन जी वीज खातो ती वेगळीच. तुझ्या गाडीत अजून जुना डायनॅमो आहे, अल्टरनेटर नाही. सिग्नलला इंजिन मंद चालतं तेव्हा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो ना? त्या क्षणी डायनॅमो जवळजवळ काहीच देत नसतो, सगळा भार बॅटरीवर असतो. पावसाळ्यातल्या रात्री हेडलाइट, वायपर आणि वर गाणी असा प्रवास केलास तर सकाळी गाडी ढकलायला शेजाऱ्यांना बोलवावं लागेल. तसंही खोक्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. तू ‘आरएमएस’ किती ते विचार. ‘४ गुणिले ५०’ लिहिलेला साधा स्टिरिओ प्रत्यक्षात दर चॅनलला पंधरा-वीस वॅट देतो, आणि एवढ्याशा केबिनला ते पुरतात.

पुरतात, पण स्पीकर नीट निवडलास तर! स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून डेसिबलचा आकडा असतो. तेवढाच आवाज काढायला तीन डेसिबल कमी असलेल्या स्पीकरला दुप्पट वीज लागते. म्हणजे ९२ डेसिबलच्या स्पीकरला दहा वॅटमध्ये जे जमतं, त्यासाठी ८६ च्या स्पीकरला चाळीस लागतील. दुकानात सगळे वॅट विचारतात, हा आकडा कुणी विचारत नाही. ज्या गाडीत वीज मोजूनमापून आहे तिच्यासाठी हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. शिवाय खिडक्या उघड्या, गाडी पन्नासच्या वेगात, टायरची घरघर आणि इंजिनाचा नाद यांत खोल बास तसाही बुडून जातो. उरतो तो गळा, सारंगी, बासरी. म्हणून सबवूफर सोड आणि मधले स्वर स्वच्छ देणारी एक चांगली जोडी घे. मला तर वाटतं, या गाडीत इंजिन ऐकू यायलाच हवं. टॅपेट वाजायला लागले की कानालाच पहिल्यांदा कळतं.

जोडी बसवायची कुठे? मागच्या काचेखालच्या ट्रेवर. मूळ ट्रे काढून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेव. तिच्या मापाची मरीन प्लायची नवी ट्रे सुताराकडून करून घे आणि भोकं तिला पाड. वरून तसंच रेक्झिन चढवलं की कुणाला कळणारही नाही. पुढेही आवाज हवासा वाटला तर डॅशखाली पायांच्या बाजूला, क्लचच्या आड येणार नाहीत अशा छोट्या लाकडी पेट्या बसवता येतात. दारांच्या आतून आवाज दाबणारे ब्युटिलचे पट्टे चिकटवायचा मोह झाला, तर आधी आतली धूळ-गंज साफ कर, आणि दाराच्या तळाची पाणी वाहून जायची भोकं बुजू देऊ नकोस. आपल्याकडच्या पावसात तिथे पाणी साचलं की पत्रा आतून कुजतो आणि बाहेर फोड येईपर्यंत कळत नाही.

डॅशबोर्डात काहीच नको. ब्लूटूथवर चालणारा लहान ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर सीटखाली बसतो, वीज फार वाया घालवत नाही आणि गाणी फोनवरून लागतात. जुन्या दोन खुंट्यांच्या रेडिओसारखे दिसणारे नवे सेटही मिळतात. ते देखणे असतात, पण मूळ डॅशबोर्ड न कापता तुझ्या गाडीत बसतात का हे मापून बघितल्याशिवाय मागवू नकोस.

वायरिंगवर मात्र कंजूषी नको. पैसे कमी पडले तर स्पीकर स्वस्त घे, वायर नाही. बॅटरीपासून स्वतंत्र तांब्याची वायर ओढायची, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही. फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात. तो स्टिरिओजवळ बसवला तर मधल्या सगळ्या वायरला राखण राहत नाही, आणि जुन्या गाड्यांना आग लागते ती अशाच घासलेल्या वायरीने. इंजिनाच्या भिंतीतून वायर आत घेताना भोकात रबरी ग्रोमेट हवाच. जोड पिळून टेप गुंडाळलेले नकोत, क्रिंप केलेले हवेत. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट स्क्रू. डायनॅमोची शिटी स्पीकरमधून येते ती बहुतेकदा ढिल्या अर्थिंगमुळे.

आणखी एक गोष्ट बसवणाऱ्याला मुद्दाम विचार. जुन्या रेडिओच्या काळात स्पीकरची एक वायर कित्येकदा थेट बॉडीला जोडलेली असायची. आजच्या सेटला तसं चालत नाही, त्याचं आउटपुट जळतं. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन वायर नव्याने ओढायच्या. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलताहेत का हे बघायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लाव. अधिक टोक अधिकला लावल्यावर दोन्हींचे कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर त्याच्या तारा उलट्या आहेत, आणि मग बास कुठेतरी हरवल्यासारखा वाटतो. लोक त्यासाठी उगाच मोठा ॲम्प्लिफायर घेतात.

स्पीकर आणि ॲम्प्लिफायर तपकीर गल्लीत बघ, ग्रोमेट, फ्यूज होल्डर आणि वायर नाना पेठेत. खरेदीआधी एक काम तुझं तूच कर. मल्टिमीटर घे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी मोज, साधारण १२.६ यायला हवं. मग इंजिन जरा वाढवून, हेडलाइट लावून मोज. साडेतेराच्या आसपास आलं तर डायनॅमो आणि रेग्युलेटर ठणठणीत आहेत. साडेबारावरच अडकलं तर गाण्याचे पैसे आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे घालव, स्पीकर पुढच्या महिन्यात.

दोन्ही आकडे मला पाठव. मग ॲम्प्लिफायर किती वॅटचा घ्यायचा ते आपण दोघी मिळून ठरवू.