इवल्या कॉकपिटातील इतिहास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले आपापले लाकडी नंदी सजवून आणतात. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे अशाच कापूस पिकवणाऱ्या मुलखातील तालुक्याचे गाव. नंदी पाहावयास जमलेल्या मंडळींत एखादा जाणता शेतकरी असतोच. नंदीचे वशिंड बसके झाले किंवा शिंगांचा बाक चुकला, तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. ज्याने खरा बैल पाहिला, त्याला खोटा बैल रुचत नाही.

लढाऊ विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. एकास बहात्तर हे या छंदातील प्रचलित प्रमाण होय. म्हणजे खऱ्या विमानाची बहात्तर सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीत एक सेंटिमीटर होते. मिग-२१ या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, प्रतिकृतीत तो जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. कॉकपिटातील आठ सेंटिमीटर व्यासाची तबकडी या प्रमाणात सुमारे एक मिलिमीटर होते, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी! एवढ्याशा जागेत काय खरे नि काय खोटे, असे कोणासही वाटेल. परंतु खरा अभ्यास तेथेच सुरू होतो.

समजा, घाटंजीतील एका विद्यार्थ्याने मिग-२१ ची प्रतिकृती करावयाचे योजले. हे विमान महाराष्ट्राला परके नाही. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि तेथे ही विमाने तयार होऊ लागली. भारतीय वायुसेनेत मिग-२१ चा प्रवेश १९६३ साली झाला व २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याने सेवेतून निरोप घेतला. इतक्या दीर्घ काळात एकाच नावाचे विमान अनेक वेळा बदलले. म्हणून विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो असा : आपणांस कोणत्या वर्षाचे विमान घडवावयाचे आहे?

१४ डिसेंबर १९७१ रोजी वायुसेनेच्या मिग-२१ विमानांनी ढाक्यातील गव्हर्नरच्या निवासस्थानावर अग्निबाण डागले. दोनच दिवसांनी तेथील पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. ही विमाने 'एफ एल' या प्रकारची होती. त्यांच्या कॉकपिटावरील काचेचे झाकण पुढच्या बाजूस बिजागरीने जोडलेले असून मागून वर उचलले जाई. संकटसमयी वैमानिक आसनासह बाहेर फेकला जाताना ते झाकण ढालीसारखे त्याच्या पुढे राही व वाऱ्याच्या प्रचंड माऱ्यापासून त्याचे रक्षण करी. पुढील प्रकारांत आसन बदलले आणि झाकण उजव्या कुशीवर उघडू लागले. तेव्हा ढाक्यावर गेलेल्या विमानाचे झाकण उजवीकडे उघडलेले दाखवणे, म्हणजे घडलेल्या इतिहासात न घडलेली गोष्ट घालणे होय.

आता पुराव्यांचा विचार करू. २०२५ सालच्या निरोपसमारंभाची छायाचित्रे सहज मिळतात. पण ती 'बायसन' या सुधारलेल्या विमानांची आहेत. त्यांच्या कॉकपिटात आधुनिक पडदे बसवलेले होते. १९७१ च्या वैमानिकासमोर मुख्यतः काटे असलेल्या तबकड्या होत्या. संग्रहालयातील विमान प्रत्यक्ष पाहता येते हे खरे; तथापि तेथे ठेवण्यापूर्वी त्याची उपकरणे काढलेली असू शकतात, त्यास नवा रंग दिलेला असू शकतो. जुनी कृष्णधवल छायाचित्रे रंग सांगत नाहीत. काही जुन्या फिल्मांवर तर तांबडी वस्तू काळपट व निळी वस्तू फिकट उमटे. सोव्हिएत बनावटीच्या अनेक विमानांची कॉकपिटे निळसर हिरव्या रंगाची असत. म्हणून प्रत्येक विमानास तोच रंग फासणे हाही उतावीळपणाच ठरेल. वैमानिकांच्या आठवणी मोलाच्या असतात, पण ज्या कळीला रोज हात लागे ती त्यांना जेवढी स्मरते, तेवढी कोपऱ्यातील तबकडी स्मरत नाही.

यास्तव एका साक्षीदारावर विसंबू नये. छायाचित्र कोणत्या वर्षाचे, विमान कोणत्या प्रकारचे, हे वहीत टिपावे. विमानाची माहितीपुस्तिका, छायाचित्र आणि आठवण ही तिन्ही जेथे जुळतात, तेथे निःशंकपणे काम करावे. जेथे जुळत नाहीत, तेथे 'हा केवळ तर्क आहे' अशी प्रामाणिक नोंद करावी. न्यायाधीशाला लागणारा विवेक येथे छंदालाही लागतो.

इतका खटाटोप कशासाठी? अनेक मिग-२१ विमानांच्या उपकरणफलकावर मधोमध एक उभी पांढरी रेघ ओढलेली असे. पाहणाऱ्यास ती निव्वळ सजावट वाटेल. परंतु विमान ताबा सुटून गिरक्या घेत खाली कोसळू लागले म्हणजे वैमानिकास दिशेचे भान राहणे कठीण होते. अशा क्षणी त्याने नियंत्रक दांडा त्या रेघेच्या सरळीत आणावा, म्हणजे तो नेमका मध्यावर येई आणि विमान सावरण्याची आशा उरे. एका साध्या रेघेवर माणसाचा जीव अवलंबून होता! या विमानांच्या अपघातांत अनेक तरुण वैमानिकांनी प्राण गमावले, हे स्मरले म्हणजे त्या रेघेचे मोल कळते.

प्रतिकृतीत ती रेघ केसाएवढी बारीक होते. भिंग धरल्याशिवाय ती दिसणारही नाही, आणि झाकण लावल्यावर कदाचित कोणी पाहणारही नाही. तरीही जो विद्यार्थी ती योग्य जागी, योग्य विमानात ओढतो, तो इतिहासाचा सच्चा अभ्यासक होय. सत्याची चाड प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून नसते.

स्वाध्याय
१. 'एफ एल' प्रकारच्या विमानाचे झाकण व पुढील प्रकारांचे झाकण यांत कोणता फरक होता?
२. संग्रहालयातील विमान हा पुरावा सावधपणे का वापरावा?
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी तीन निरनिराळ्या मार्गांनी माहिती मिळवा. कोणत्या गोष्टी जुळतात व कोणत्या जुळत नाहीत, ते दहा ओळींत लिहा.