हरवलेला पार्मा

कांगारूचे नाव काढताच ऑस्ट्रेलियाच्या उघड्या माळावर लांबच लांब उड्या घेणारा, माणसाएवढा उंच प्राणी डोळ्यांपुढे येतो. परंतु याच कुळातील काही लहान प्राणी दाट अरण्यात राहतात. त्यांना वॉलबी म्हणतात. पार्मा ही त्यांपैकीच एक जात होय.

पार्माचे शरीर सुमारे अर्धा मीटर लांब असते व शेपटीही जवळजवळ तेवढीच असते. वजन मात्र तीन ते सहा किलोग्रॅम, म्हणजे एखाद्या मांजराएवढे! अंग तपकिरी, गळा पांढरा आणि मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत काळसर रेघ, असे त्याचे रूप असते. न्यू साउथ वेल्स राज्यातील डोंगररांगांत निलगिरीचे उंच वृक्ष व त्यांखाली झुडपांची दाटी आढळते. दिवसभर पार्मा त्या दाटीत दडून असतो. तिन्हीसांजा झाल्या की आपल्या ठरलेल्या वाटांनी तो गवताळ जागी येऊन चरू लागतो. उडी घेताना तो अंग जमिनीलगत आडवे ठेवतो आणि पुढचे पाय छातीशी घट्ट धरतो. झुडपांखालून निसटण्यास हीच चाल सोयीची!

पिलू आईच्या गर्भात अवघे पाच आठवडे असते. जन्मतः ते शेंगदाण्याहूनही लहान, केसहीन आणि आंधळे असते. तरीही कोणाच्या साहाय्यावाचून ते आईच्या केसांना धरून तिच्या पोटावरील पिशवीत शिरते आणि सुमारे सात महिने तेथे वाढते.

एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतकऱ्यांनी अरण्ये तोडून कुरणे केली. शिकारीच्या हौसेपायी त्यांनी युरोपातून तांबडे कोल्हेही आणून सोडले. आडोसा गेला आणि शत्रू आला. पार्मा दिसेनासा झाला. ही जात नामशेष झाली, असेच प्राणिशास्त्रज्ञ पुढे मानू लागले.

इ. स. १९६५ मध्ये मात्र नवल घडले. ऑस्ट्रेलियापासून सुमारे २००० किलोमीटर दूर, न्यूझीलंडजवळ कावाऊ नावाचे लहानसे बेट आहे. सर जॉर्ज ग्रे या माजी गव्हर्नरांनी १८७० च्या सुमारास तेथे हौसेने काही वॉलबी आणून सोडल्या होत्या. त्यांची संख्या अतोनात वाढली. त्या कोवळी रोपे फस्त करीत, म्हणून त्यांना मारण्याची मोहीम चालू होती. त्या उपद्रवी कळपांतच पार्मा आढळला! मोहीम थांबवून काही पार्मा जिवंत पकडण्यात आले आणि ऑस्ट्रेलियात व इतर देशांतील प्राणिसंग्रहालयांत पाठविण्यात आले. इतक्यात, १९६७ मध्ये, खुद्द न्यू साउथ वेल्समध्ये गॉसफर्ड गावाजवळच्या रानात पार्मा सापडला. तो तेथून कधी गेलाच नव्हता. रात्रीच्या अंधारात हिंडणारा हा अबोल प्राणी कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता, इतकेच.

पुढे १९८८ मध्ये बंदिस्त जागेत वाढलेले काही पार्मा रानात सोडून पाहिले. ते कोल्ह्यांच्या तोंडी पडले. २०१९-२० च्या प्रचंड वणव्यांत पार्माच्या अरण्यांचा मोठा भाग जळाला. उंच निलगिरीला पुन्हा पालवी लवकर फुटते. पण खालची झुडपे दाट होण्यास वर्षे लागतात, आणि पार्माचे घर म्हणजे ती झुडपेच होत.